ओल्या बारदानांची पाळी

आमच्या खोदकामाच्या कॅम्पवर दिवसभरात टोपल्या भरभरून चिखल निघतो आणि संध्याकाळच्या चहाला तितकेच किस्से. चिखल निदान चाळून टाकता येतो. किस्से साचत जातात. मी फार बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचलेत.

लग्नाला दोन महिने झाले. नवरा, निखिल, पुरातत्त्ववाला. मी साइटची ड्रॉइंग्ज काढते. चिमूरकडच्या जंगलातला एक जुना तलाव आटला आणि मधल्या काळ्या गाळात लाकडी खांबांची रांग दिसली. शेकडो वर्षं गाळात हवा गेली नाही, म्हणून लाकूड टिकलं. आता ऊन लागलं की तडकतं! म्हणून वर ओली बारदानं आणि दर अर्ध्या तासाला पाणी.

सासूबाईंचा फोन आला. "काय करून राह्यली बाई?"

"लाकडांना आंघोळ घालते."

त्यांनी फोन ठेवला आणि लगेच निखिलला लावला!

*

गावातल्या शेवंताबाईंचा जन्म मासे धरण्यात गेला. त्या गाळातून अनवाणी चालतात आणि सांगतात, "इथी खांब हाय."

खोदकामाचे प्रमुख असलेल्या सरांनी विचारलं, "कशावरून?"

"दगड पायाले टोचते सर. लाकूड टोचत नाई."

एकदा त्या चालता चालता थांबल्या. "सर, हा खांब हलून राह्यला."

खड्ड्यातले सगळे क्षणात बांधावर! शेवंताबाईंनी गाळात हात घातला आणि हातभर लांब मरळ बाहेर काढली. संध्याकाळी पुराव्याचा रस्सा झाला.

*

खड्ड्याची कड खचली त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. निखिल कमरेपर्यंत रुतलेला आणि गाळ त्याला खाली ओढतोय. मी आडवी पडून त्याचं मनगट धरलं.

तो ओरडला, "खांबाला धक्का लावू नकोस!"

"तू आणि खांब, दोघांतला एकच निघेल. कोण, ते आधी सांग!"

*

मग एका सकाळी खड्ड्यात वाघाचे पंजे उमटलेले. वनरक्षक भाऊ आले, वाकून बघितलं.

"बकरी बांधली होती का जी?"

"नाही. फक्त ओली बारदानं."

"म्हंजे एवढ्या उन्हात त्याच्यासाठी कूलर लावून ठेवला न तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी मजूर आलेच नाहीत. शेवंताबाई तेवढ्या आल्या. सर म्हणाले, "दुपारी खाली जायचं नाही." निखिल म्हणाला, "एक दुपार सुकलं, की सरपण होईल." शेवटी ठरलं: तिघांनी जायचं, डबा वाजवत. शिवाय सरांनी मोबाइलवर स्वतःचं लेक्चर मोठ्यानं लावून दिलं.

शेवंताबाई म्हणाल्या, "हे बेस केलं. याले माणसं थांबत नाई, वाघ काऊन थांबन?"

*

परवा दुपारची पाळी आमची. निखिल, मी आणि शेवंताबाई. डबा माझ्याकडे. जीव खाऊन वाजवत होते, तरी आवाज कमीच वाटत होता.

खड्ड्यात कुणी नव्हतं. मधलं बारदान मात्र लांबच लांब दबलेलं. शेवंताबाईंनी त्यावर तळवा ठेवला.

"गरम हाय."

पलीकडे बेशरमाची झुडपं हलत होती. वारा नव्हता. निखिलनं माझा दंड धरला, दुखेल इतका. शेजारी उघडं पडलेलं लाकूड कडेनं पांढरं पडायला लागलं होतं.

शेवंताबाईंनी पाइप माझ्या हातात दिला. हळू आवाजात म्हणाल्या, "मार पाणी, पोरी. अन् त्याच्या जागेवर जरा जास्त मार. सुकलं तं आपल्याले शोधत वर येईन तो."

मी जास्त मारलं.