दुकान वाढवायचं का?

जुन्नरच्या बाजारपेठेच्या तोंडाशी तीन दगडी कमानी होत्या. त्या कुणी बांधल्या हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो थापा मारायचा. पण एस्टीतून उतरलेली बाई बोरीची असो की पेठची, तिला सांगणं एकच: "तीनकमानीत जा." मधल्या कमानीच्या ओट्यावर जन्नतबी बसायची. तिच्या समोर बांगड्यांच्या माळा, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि पुढे कुणाचा ना कुणाचा पसरलेला हात.

तिचं माहेर आंबेगावातलं पेठ गाव. लग्न होऊन आली तेव्हा तिला बांगडी घालता यायची, भरता येत नव्हती. दोन्हींत फरक आहे. घालणारी स्वतःचा हात दाबते, भरणारीला दुसरीचं हाड ओळखावं लागतं. सासूनं ते शिकवलं, आणि त्याआधी बोलायला शिकवलं. काच फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. संध्याकाळी दुकान बंद केलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. "शब्दाला कान असतात," सासू म्हणायची. "तू बंद म्हणशील आणि ते खरंच ऐकून बसंल."

नवरा, नवाब, अल्लाघरी गेला, तेव्हाही चाळिसावा झाल्यावर ती ओट्यावर येऊन बसली होती. मुलगा फैजान पुण्यात असतो. फोनवर म्हणतो, "अम्मी, आता पुरे कर." ती म्हणते, "तुला जेवायला पुरे म्हणते का मी कधी?"

मग एके दिवशी कमानीवर भलामोठा फ्लेक्स लागला. मागची धान्याची गोदामं, पुढच्या कमानी, सगळं जाऊन तिथं अकरा मजली टॉवर येणार होता. चित्रात टॉवर आभाळाला टेकला होता, गच्चीवर झाडं होती, आणि खाली एक बाई कुत्रं घेऊन निघाली होती. जन्नतबीनं त्या बाईचे हात नीट पाहिले. दोन्ही उघडे.

"ठमे, हिला मी काय इकू?" तिनं विचारलं.

ठमाबाई शेजारच्या कमानीत हळद-कुंकू, दोरे आणि खण विकायची. ती म्हणाली, "तू कुत्र्याच्या पायात भर की. चार पाय हायेत. दुप्पट धंदा!"

दोघी हसल्या. पण त्या दिवसापासून जन्नतबी फ्लेक्सकडे पाठ करून बसू लागली. ती घाबरायची ती डोक्यावरचं छप्पर जाईल म्हणून नव्हे. छप्पर कुठंही मिळतं. पण खेड्यातल्या बायकांना जन्नतबीचं नाव कुठं ठाऊक होतं? त्यांना ठाऊक होती तीनकमान. कमान गेली की आपणही त्यांच्या जिभेवरून जाऊ, ही ती भीती. आणि भीती बोटांत उतरली. भरणाऱ्याचा हात बिचकला की काचेला आधी कळतं. त्या आठवड्यात एका नवरीच्या हातात लागोपाठ बांगड्या वाढल्या. नवरीच्या आईनं नुसतं तोंड वाकडं केलं. ते बोलण्यापेक्षा वाईट.

अशात बिल्डरचा माणूस आला. सुदर्शन त्याचं नाव. बाजारपेठेतलाच पोरगा, त्याच्या आईचा हिरवा चुडा जन्नतबीनंच भरलेला. मागं जेसीबी घरघरत होता. त्यानं कानाला फोन लावलेला, तसाच ओरडला, "चाची, दुकान वाढवायचं का? दिवाळीच्या आत सांगा!"

जन्नतबीच्या हातातली माळ गळाली. या पोरानं भर दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना, तोंडावर विचारलं? "माझी मयत उठली की वाढव!" ती कडाडली. "तोवर न्हाई वाढवायचं! जा!"

"बरं बरं, नको तर नको," म्हणत सुदर्शन ठमाबाईकडे वळला. ठमाबाई मान हलवत हसून "हो" म्हणाली, हे जन्नतबीनं या डोळ्यांनी पाहिलं.

झालं. त्या दिवसापासून जन्नतबीनं ठमाबाईशी बोलणं सोडलं. तिचा चहा आला तर तोंड फिरवायची. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलेली बाई, आणि एका शब्दात दुकान वाढवायला तयार झाली! दिवाळी झाली, पणत्या उतरल्या, तरी अबोला उतरला नाही. शेवटी ठमाबाईच ओट्यावर येऊन बसली.

"काय गं, माज आलाय का? मला खाली शटर मिळतंय म्हणून जळतीस व्हय?"

"कसलं शटर? तू तर वाढवायला हो म्हणालीस."

"मंग? वाढवायचंच की! आत्ता हाय त्याच्या दुप्पट जागा, रस्त्याला तोंड. त्यो इचारत व्हता, नव्या बिल्डिंगीत दुकान मोठं करायचं का."

जन्नतबी हळूच म्हणाली, "मोठं?"

ठमाबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! तुला वाटलं, वाढवायचं म्हंजी..."

"या अल्ला," जन्नतबी म्हणाली. सासूनं शिकवलेला शब्दच तिला आडवा आला होता.

बिल्डरचं ऑफिस नव्या वस्तीतल्या एका उंच इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर होतं. जन्नतबी तिथं जागा मागायला निघाली, तेव्हा ठमाबाई सोबत आली, पण लिफ्ट पाहून खालीच बसली. "तू जा. मला पेटीत बसायची घाई न्हाई." जन्नतबी एकटी शिरली. दार मिटलं, जमीन पायाखालून वर उचलली, आणि तिनं कलमा पुटपुटत भिंतीच्या दांडीला मिठी मारली. वर काचेच्या खिडकीतून बाजारपेठ दिसत होती. तीनकमान इतकी लहान, की बोटात घालावी.

सुदर्शननं उठून खुर्ची दिली. सगळं ऐकून तो आधी हसला, मग त्यानं टेबलावर नकाशा उलगडला. "चाची, खालची सगळी दुकानं दिवाळीलाच गेली हो. तिसऱ्या मजल्यावर बघू का?"

"तिसऱ्या मजल्यावर?" तिचा श्वास अजून जागेवर नव्हता. "सातव्या महिन्याची बाई ओटीभरणाच्या बांगड्या भरायला त्या पेटीतून वर येईल? तुझी आई आली असती?"

त्यानं नकाशावर बोट खाली सरकवलं. "जिन्याखाली एक कोपरा आहे. साहेबांना विचारतो. बघतो मी, चाची."

जन्नतबी उतरली ती जिन्यानं. सगळे मजले तिच्या कानात तेवढंच वाजत होतं. बघतो. आजवर 'बघतो' म्हणालेल्या माणसाला काही दिसल्याचं तिला आठवत नव्हतं.

पौषात कमानी पाडल्या. मधली पडताना धुळीचा लोट उठला, पारवे उडाले आणि परत बसायला जागा शोधत फिरत राहिले. "पडली, पडली!" लोक ओरडले.

"वाढली म्हणा रे," जन्नतबी म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

दोघींना समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तात्पुरती जागा मिळाली. चार दिवस एक हात पुढे आला नाही. पाचव्या दिवशी तिला रस्त्यापलीकडे एक गर्भार पोरगी दिसली, सोबत सासू. बोरी बुद्रुकची स्नेहल. लग्नाचा चुडा इथंच भरलेला. ती गरकन फिरून पत्र्याचं कुंपण बघत होती. "आत्या, इथंच तर व्हती तीनकमान. आपण चुकलो का?"

जन्नतबीनं हाका मारल्या. ड्रिलच्या आवाजात हाक विरली. तिनं बांगड्यांची माळ उंच धरून वाजवली. काच ती, तिचा आवाज तो केवढासा. सासू म्हणाली असावी, चल परत, कारण दोघी वळल्या.

धंद्याच्या वेळी ओटा सोडायचा नाही, ही सासूची दुसरी शिकवण. जन्नतबी ती मोडून अनवाणी रस्त्यात धावली. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबून शिवी दिली. तिनं मागून स्नेहलचं मनगट पकडलं. पोरगी किंचाळली, मग चेहरा पाहून रडायलाच लागली.

"चाची! मला वाटलं तुमी..."

"हाय अजून. चल, हात सुजलाय तुझा. पाण्यात भिजवू."

हिरव्या बांगड्या भरताना एकही वाढली नाही. जाताना सासूनं विचारलं, "मंग आता नातवंडाच्या बारशाला कुठं यायचं? नवी खूण काय तुमची?"

जन्नतबीनं कुंपणावरून वर पाहिलं. क्रेनचा हात आभाळात हलत होता.

दिवेलागणीला तिनं माळा गोळा केल्या, चादर ओढली. शेजारून ठमाबाईनं रोजच्यासारखी हाळी दिली, "वाढवलं का गं?"

जन्नतबीनं चादरीची टोकं माळांखाली खोचली.

"न्हाई गं," ती म्हणाली. "नुसतं झाकलंय."