फोनवरची गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट सांगता येणार नाही.

आमचं गाव देवरूखच्या पुढे, आणि मी कामाला जयगडच्या बंदरावर. आठवडाभर तिथेच, दोघा जोडीदारांसोबत भाड्याच्या खोलीत. माझी मुलगी प्रांजल तेव्हा तिसरीत होती. तिच्या बाईंनी पालकांना सांगितलं होतं, पोरांना वाचायची गोडी लागायला हवी असेल तर घरातल्या मोठ्या माणसाने रोज त्यांचं वाचन ऐकावं. बायको म्हणाली, तुम्हीच ऐका फोनवर. तुम्ही ऐकताय म्हटलं की ती जीव ओतून वाचते.

सुरुवातीला ऐकलं — खरंच ऐकलं. कोल्हा, राक्षस, राजाची म्हैस. मग कंटाळा आला. अक्षर लावत लावत वाचायची ती, किती वेळ ऐकणार? मी फोन खिडकीत ठेवून बाहेर पत्ते खेळायला बसू लागलो. अंदाजाने परत यायचं, फोन कानाला लावायचा, शाब्बास म्हणायचं. त्यात एवढं काय, असंच वाटायचं मला.

एका संध्याकाळी डाव लवकर मोडला. फोन उचलला, तर पलीकडे वाचनच नाही. कट झाला म्हणावं, तर फोन चालू. लांबून पोरांचा गलका येत होता, आणि त्यात प्रांजलचं हसणं. थोड्या वेळाने ती धापा टाकत आली.

"पप्पा, झाली गोष्ट. आवडली?"

तेव्हा तरी खरं बोलावं की नाही? मी म्हणालो, खूप आवडली, शेवट तर फारच छान.

मग ती म्हणाली, "आज मी वाचलीच नाय. कालपण नाय."

रागाने नाही हो — सहज. एवढीशी पोर! तिला कधीपासून ठाऊक होतं? किती संध्याकाळी ती नुसत्या फोनला गोष्ट वाचून दाखवत बसली असेल? विचारायची हिंमत झाली नाही. आणि या सगळ्यावर मी तिला काय म्हणालो — "मम्मीला सांगू नको."

तिने नाही सांगितलं. फोन रोज येत राहिला. ती तिकडे ठेवून खेळायला जायची, मी इकडे ठेवून पत्त्यांना.

आता प्रांजल देवरूखला कॉलेजात जाते. अभ्यासापलीकडे पुस्तकाला हात लावत नाही. बायको आल्यागेल्याला सांगते, लहानपणी बापाला रोज गोष्ट वाचून दाखवायची हो, कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. प्रांजल तेव्हा माझ्याकडे बघते. मी मान हलवतो आणि म्हणतो, या मोबाइलने वाट लावली पोरांची.