बोट सुटण्याचा प्रसंग

आमच्या स्वेनबोर्गच्या थिएटरात मूक चित्रपट दाखवणाऱ्या लाउरिड्सचा पियानोवाल्या विगोवर दात होता. मागच्या कोंदट खोलीत घामाघूम होऊन यंत्राचा दांडा फिरवायचा लाउरिड्सने आणि टाळ्या घ्यायच्या पडद्याखाली ऐटीत बसलेल्या विगोने. टाळ्यांचं एक वेळ सोडा. पण लाउरिड्सची बायको इंगेबोर्ग दर रविवारी दुपारी पियानोजवळची खुर्ची धरायची आणि नायकाची बोट धक्का सोडून निघाली की हमखास रडायची.

"विगो काय वाजवतो रे! काळजाला हात घालतो," घरी जाताना ती म्हणायची.

"बोट मी सोडतो."

"सोड की. कोण अडवतंय तुला?"

लाउरिड्सचा जळफळाट व्हायचा. एकदा त्याने मुद्दाम दांडा गरगरा फिरवला. बोट पळत सुटली. विगोनेही धून तशीच पळवली आणि लोकांनी खूश होऊन टाळ्या दिल्या, त्याही विगोलाच.

मग एका रविवारी विगो तापाने आडवा झाला. मालक खेळ रद्द करायला निघाला, तेव्हा लाउरिड्स म्हणाला, "लोक चित्र बघायला येतात. पियानो कशाला हवा?" आज इंगेबोर्ग रडली, तर ते फक्त त्याच्या चित्रासाठी असणार होतं.

खेळ सुरू झाला. लोक खोकत होते, खुर्च्या करकरत होत्या. चुंबनाच्या वेळी कोणीतरी फिदीफिदी हसलं. इंगेबोर्ग तर गोळ्या चघळत बसली होती.

शेवटी बोट आली. त्याचा हात आपोआप मंदावला. धक्क्यावरची मुलगी हळूहळू लहान होत गेली आणि थिएटर एकदम गप्प झालं. भिंतीच्या झरोक्यातून त्याने पाहिलं, तर इंगेबोर्ग रुमालाने डोळे टिपत होती. जन्माचं सार्थक झालं असं त्याला वाटलं.

वाटेत त्याला राहवेना. "रडलीस ना आज? पियानो नव्हता तरी?"

"रडू नको तर काय करू? विगोची धून तू एवढ्या मोठ्याने गुणगुणत होतास, अख्ख्या थिएटरला ऐकू येत होती. जरा बेसूर होतास, पण चाललं."

घरी तिने सूप केलं आणि डबा त्याच्या हातात दिला. "विगोला देऊन ये. गरम आहे तोवर."

ओठ घट्ट मिटून तो निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला, तर त्याचे पाय त्याच धुनीच्या ठेक्यात पडत होते.