फादरांचं पाणी

दर जानेवारीत फादर आमच्या घराला आशीर्वाद द्यायला येत. प्रत्येक खोलीत प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडत आणि शेवटी दाराच्या चौकटीवर खडूने नव्या वर्षाचा आकडा आणि क्रूस काढत. पेणला रामवाडीत होतो तेव्हा हे सगळं पंधरा मिनिटांत उरकायचं, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नसे. मग पप्पांना इथल्या कंपनीत नोकरी लागली, आम्ही रोह्याला आलो आणि शेजारी काकी मिळाल्या.

काकी मूळच्या निडी गावच्या. शेतावर एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायची सवय, त्यामुळे घरातही आवाज तेवढाच. पहिल्या वर्षी त्या डोक्यावर पदर घेऊन फादरांच्या मागून आमच्या घरभर फिरल्या आणि शेवटी म्हणाल्या, "माझी म्हैस चार दिस बसून हाय. तिच्यावर पन टाका की दोन थेंब." म्हातारे फादर हसत हसत गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी म्हैस उठली आणि काकींनी ते आळीभर सांगितलं. गोष्ट माझ्या वर्गापर्यंत पोचली. पुढे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत मुली माझ्याकडे बघून हंबरत.

दुसऱ्या वर्षी मी नववीत होते. काकींच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. त्याच्यासाठी त्यांनी मागच्या अंगाला एक खोली बांधली होती.

"सत्यनारायण झाला," त्या आईला म्हणाल्या, "आता तुमच्या फादराचं पानी तेवढं रायलं."

"ताई, फादर नवीन आहेत. विचारून बघते."

"बघ गो. म्हशीला मिलालं, मग सुनेला नाय व्हय?"

दोघी हसल्या. मी आत निघून गेले.

नवे फादर आले ते आमच्या शाळेच्या सिस्टरना बरोबर घेऊन. दोघं इंग्रजीत बोलत होते. सिस्टर आमच्या खुर्चीत बसून भिंतीवरचे फोटो बघत होत्या आणि मला आमच्या भिंतीचा उडालेला रंग पहिल्यांदाच दिसत होता. आईने चाचरत काकींचं विचारलं. फादर लगेच म्हणाले, "बोलवा ना त्यांना! इथली प्रार्थना झाली की तिकडे जाऊ."

आईने मला पाठवलं.

काकींचं दार उघडंच होतं. जांभळं, जरीकाठी लुगडं नेसून त्या भिंतीवरच्या आरशासमोर माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या, पदर नीट करत होत्या. मला एक हाक मारायची होती. पण डोळ्यांसमोर सिस्टर आल्या, शाळेच्या स्टाफरूममध्ये हसत हसत म्हशीची गोष्ट सांगणाऱ्या. मी कुंपणापाशी थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले. त्या आरशात मीही दिसले असेन, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"काकी घरी नाहीत," मी सांगितलं. तेही इंग्रजीत, सिस्टरसमोर चांगलं दिसावं म्हणून.

फादरांना पुढची घरं होती. प्रार्थना आटोपून ते गेले.

संध्याकाळी आई केक घेऊन काकींकडे निघाली आणि मलाही तिने बरोबर घेतलं. "ताई, कुठे गेला होतात? फादर तयार होते हो यायला."

काकींच्या अंगावर अजून तेच लुगडं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नदीवर गेलते गो. कपडं धुवाचं रायलं व्हतं."

आईने त्या लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी येशूच्या तसबिरीखालची पवित्र पाण्याची बाटली उचलली आणि एकटीच काकींकडे गेले. माफी मागायची असं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "काकी, हे पाणी फादरांनी दिलंय. तुमच्या खोलीसाठी." म्हणजे आणखी एक खोटं.

"मंग शिंपड की."

"मी?"

"मंग कोन? फादर काय मला नदीवर शोधाया येनार हायत?"

खोलीत नव्या चुन्याचा वास होता. काकींनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. मी बोटं भिजवून कोपऱ्यात थेंब उडवले आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागले.

"मोठ्यानं म्हन गो. भिंतीला तरी ऐकू जाऊ दे."

मला सगळ्या प्रार्थना इंग्रजीतच येत होत्या. मी तशाच मोठ्याने म्हटल्या. काकींना एक शब्द कळत नव्हता, पण संपेपर्यंत त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

मग म्हणाल्या, "आता देवाला मराठीत येवढं सांग. येनाऱ्या पोरीला या घरात कोनी कमी लेखू नये."

मी तोंड उघडलं. शब्द सोपे होते, पण मला ते म्हणता येईनात. शेवटी काकींनीच ते वाक्य म्हटलं, चारी भिंतींकडे एकेकदा वळून, आणि मी प्रत्येक वेळी आमेन म्हणाले.