एका झाडाखाली चार टोपल्या

त्या साइटवर 'काच सफाई, चंद्रपूर' असं टाकून शोधलं का बुधरीबाईचं नाव येते. नावापुढं एकच तारा. अन् ताऱ्याखाली लिहून हाये: 'प्रतिसाद देत नाहीत.'

हे वाचलं का माझं डोस्कं फिरते. प्रतिसाद देत नाई म्हने! अरे, त्या बाईनं जसा प्रतिसाद देल्ला तसा साऱ्या चंद्रपुरात कोनी देल्ला नसन. साइटवाल्याले तो झेपला नाई, हे वेगळं. साइटचं नाव मी घेत नाई. फुकटची जाहिरात काऊन करू?

मी नूरुद्दीन. काचा बसवनं अन् बसवलेल्या काचा पुसनं हा माझा धंदा. आमच्या गावात हे काम कधी संपत नाई. इथी कोळशाची धूळ हाये. सकाळी काच लख्ख करा, संध्याकाळी तिच्यावर बोटानं नाव लिहा.

बुधरीबाई मले पयल्यांदा दिसली ते रामनगरातल्या एका बँकेच्या बांधकामावर. नव्व्यान्नव साल असन. ती तिथी घमेले वाहत होती. गोंडाची बाई, मुलचेऱ्याच्या पुढं जंगलात तिचं गाव. नवऱ्यासंग, दसरूसंग, मजुरीले आली होती. दसरू दम्यानं गेला अन् ती इथीच राह्यली. मी बँकेच्या काचा बसवत होतो. नव्या काचेले सिमेंट लागते, रंग लागते, ते पत्तीनं खरवडायले मले मानूस पायजे होता. ती आली. खालच्या काचा झाल्या तं म्हने, "दोर दे."

"अवं बाई, तिसऱ्या मजल्यावर लटका लागते!"

"बांबूच्या पायाडावर डोक्यावर सिमेंट घेऊन पाचव्यावर जाते मी. तिथी तं दोर बी नसते."

देल्ला दोर. दोराले बांधलेल्या फळीच्या झुल्यावर बसली अन् भिंतीले पाय लावून अशी सरकली जशी आंगनात झाडू मारून राह्यली. त्या दिवसापासून ती माझ्यासंग कामाले होती. मंग एक दिवस तिनं सोताची बादली घेतली, सोताचा दोर घेतला, अन् सोताचं काम सुरू केलं. मले असा राग आला का विचारू नका. माझ्याच हाताखाली शिकली अन् माझ्याच गावात दुकान मांडलं! मी वर्षभर तिच्यासंग बोललो नाई. माझी बायको मलिका म्हने, "लहान पोट्ट्यासारखे रुसून काऊन बसले? तुमचं एक तरी गिऱ्हाईक नेलं का तिनं?" मी म्हटलं, नेईन आज ना उद्या.

नाई नेलं. एकबी नाई.

मंग ते साइटवालं आलं. दोन हजार आठ साल होतं. नागपूरहून पवन नावाचं पोट्टं आलं, गळ्यात टाय, काखेत लॅपटॉप, घामानं सारा शर्ट ओला. पोट्टं वाईट नव्हतं, खोटं कायले बोलू. म्हने, "काका, आता लोक ओळखीनं मानूस नाई बोलवत, नेटवर शोधतात. तुमचं नाव आमच्या यादीत टाका. ज्याले काच पुसायची असन तो आमच्याकडं सांगन, अन् त्याचा पत्ता तुमच्या मोबाईलवर येईन." मले पटलं. मी पैसे भरले. बुधरीबाईनं भरले, बाबूपेठच्या पोचूनं भरले, बल्लारपूरच्या नानाजीनंबी भरले. काचा पुसनारे आमी एवढेच चारजन.

मेसेज इंग्रजीत येत. बुधरीबाईले इंग्रजी वाचता येत नव्हतं, तं तो वाचायले ती कोनाकडं आली असन? माझ्याकडं! जो मानूस वर्षभर बोलला नाई, ज्याचा तोच धंदा, त्याच्याच हातात फोन देते अन् म्हने, "भाऊ, कुठचं काम हाये सांग बरं." मी वाचलं. मंग माझा फोन काढला. तोच मेसेज. तेच घर, तोच नंबर, तीच वेळ. पोचूले फोन लावला, त्यालेबी तोच. नानाजीलेबी तोच.

"बुधरीबाई, हा एकच पत्ता चौघांले विकून राह्यला," मी म्हटलं. "जो सगळ्यात कमी भाव सांगन त्याचं काम."

तिनं माझ्या हातातून तिचा फोन घेतला. मंग म्हने, "एका झाडाखाली चार टोपल्या पाठवते का हा?"

मले काई समजलं नाई. तं तिनं सांगतलं. तिच्या गावात मोहाचं एक एक झाड एका एका घराचं असते. झाड उभं असते जंगलात, कागद नाई, कुंपन नाई. पन ज्या घरानं झाडाखालची जागा झाडून ठेवली, फुलं त्याच घरची. दुसरा त्या वाटेनं जाईन, पायाखाली फुलांचा सडा पडला असन, तरी वाकनार नाई. "अन् झाडाचा मालक बिमार पडला तं?" मी उगाच खोड काढाले विचारलं. ती म्हने, "माझी पोरगी झाली ते मोह पडायच्या दिवसातच. मी खाटेवर. मले उठता येत नव्हतं. बायांनी माझ्या झाडाखालची फुलं वेचली अन् माझ्याच आंगनात वाळू घातली. एक फूल नाई गेलं भाऊ. त्याच्यावर आमी ते साल काढलं."

मी हसलो. म्हटलं, जंगलातली गोष्ट जंगलात ठीक हाये. अन् आमी तिघं धावलो मेसेजच्या मांगं. पोचूनं भाव पाडला, मी त्याच्याहून पाडला, नानाजीनं माझ्याहून. एका डॉक्टरच्या बंगल्याच्या फाटकात आमी तिघं बादल्या घेऊन भांडत होतो अन् डॉक्टरीनबाई गॅलरीतून मजा पाहत होत्या. शरम वाटली. बुधरीबाई मात्र मेसेज आला का पयले जाऊन काच पाही. काच कोनी नेमानं पुसत असन तं ते काचेवरच दिसते, कोपरे साफ असतात. तशी दिसली का ती आल्या पावली परत.

आता माझी गोष्ट ऐका. वीस वर्ष मी दोरावर लटकलो, कधी ठेच लागली नाई. अन् पडलो कुठी? घरच्या न्हानीत! साबनावर पाय गेला अन् मांडीचं हाड मोडलं. तोबा तोबा. लोक विचारत, "नूरभाऊ, किती मजल्यावरून पडले?" काय सांगाव, सांगा.

मूल रोडवर लग्नाच्या कपड्यांचं चार मजली शोरूम होतं. समोरून सारं काचेचं, आत नवरी-नवरदेवाचे पुतळे. त्याचं बारा महिन्यांचं काम माझं होतं. बाकीचं काम येते-जाते, पन आमच्या घरची चूल या शोरूमवर पेटत होती. मी खाटेवर पडून होतो, पाय प्लास्टरमध्ये, अन् मोबाईल वाजला. साइटचा मेसेज. वाचला. काच सफाई पायजे, चार मजले, मूल रोड.

माझंच शोरूम! शेठनं मले एक फोन नाई केला. सरळ साइटवर टाकलं, अन् साइटनं माझंच गिऱ्हाईक मलेच विकाले पाठवलं! मी फोन भिंतीवर फेकून मारला. मलिकानं त्याचे तुकडे उचलले. मले रडू आलं. आलं तं आलं, लपवायचं काय त्याच्यात.

तेवढ्यात दारात बुधरीबाई. हातात तिचा फोन. "भाऊ, पाहून पाहून मूल रोड एवढं वाचता आलं मले. हे तुझंच ना?"

"होतं," मी म्हटलं. "आता जो पयले पोहोचन त्याचं. जा, तूच जा. पोचूच्या घशात जान्यापरीस तुझ्या गेलेलं बरं."

अशी भडकली बाई! "तुझ्या पायाचं हाड मोडलं का डोस्क्याचं? उठ."

मलिकानं अन् तिनं मले धरून आटोत घातलं. शोरूमसमोर पोहोचलो तं पोचू अन् नानाजी हजर. शेठ पायरीवर उभे, दोघं त्याहिले भाव सांगून राह्यले. बुधरीबाई आटोतून उतरली अन् दोघांच्या मधात जाऊन उभी झाली.

"हे नूरभाऊचं हाये. चला, उचला बादल्या."

पोचू म्हने, "बुधरीबाई, तुझ्या जंगलाचा कायदा इथी नाई चालत."

"बरं. मंग इथला कायदा सांग." पोचूनं बादली दुसऱ्या हातात घेतली. "सांग ना! तुझी बायको बाळंत होईन तवा तुझं काम मी घेऊ? नानाजीले ताप येईन तवा त्याच्या दारात मी बादली घेऊन उभी राहू? तो नागपुरात बसून टोपल्या धाडते अन् तुमी कुत्र्यावानी धावता! त्यानं कधी एक काच पुसली का?"

रस्त्यावरचे लोक थांबले. नानाजीनं माझ्या प्लास्टरकडं पाह्यलं अन् बादली उचलली. पोचू बडबडत बडबडत, पन गेला.

शेठ हसले. "बाई, मंग तूच कर. किती घेशील?"

"नूरभाऊ घेते तेवढेच. अन् काम त्याच्या नावानं."

"साइटवर याच्याहून स्वस्त भेटते."

"बोलवा."

शेठनं तिथूनच पवनले फोन लावला. पवननं बुधरीबाईसंग बोलायचं म्हटलं. फोनचा आवाज मोठा होता, मले आटोत ऐकू आलं. "बाई, तुमी दुसऱ्या मेंबरांले काम घेऊ देत नाई, अशी तक्रार आली तं तुमचं रेटिंग खाली जाईन. मंग तुमाले मेसेज येनार नाई."

"नको पाठवू," बुधरीबाई म्हने. "मी काई तुझ्या मेसेजवर जन्मली नाई." अन् फोन शेठच्या हातात देल्ला.

मंग सुरू झाली गंमत. साइटनं नागपूरचा मानूस पाठवला. तो आला, चार मजले पाह्यले, येन्या-जान्याचा खर्च सांगतला अन् शेठनंच त्याले वाटेले लावलं. पोचूले शेठनं घरी जाऊन विचारलं, त्यानं सरळ नाई म्हटलं. नानाजीनं फोनच उचलला नाई. लग्नसराई तोंडावर आली होती. काचेवर धूळ चढली. आतली नवरी पयले पिवळी पडली, मंग राखाडी झाली, मंग तिचं तोंडच दिसेनासं झालं. समोरून जाता-येता लोक म्हनत, शेठचं दुकान बंद पडलं वाटते.

शेठ माझ्या घरी आले. सोता. चहा पेले अन् म्हने, "नूरभाऊ, झालं गेलं सोडा. जुन्याच भावानं करा."

मले आनंद व्हाले पायजे होता. पन डॉक्टरनं सांगतलं होतं, हाड वाकडं जुळलं, आता दोर विसरा. मी बुधरीबाईले बोलावलं अन् म्हटलं, "तू लढली, तू घे. शोरूम तुझं. मी आता कामाचा नाई."

पुन्हा भडकली. मले वाटलं आता मारते. "इतकं सांगून बी तुले समजत नाई का रे भाऊ? झाड मानसाचं नसते, घराचं असते. दसरू गेला तवा माझं झाड गेलं का?" अन् तिनं मान वळवून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या मलिकाकडं पाह्यलं.

"अवं नाई!" मी ओरडलो. "भर रस्त्यावर, चार मजल्यावर, आमच्या घरची बाई? मोहल्ल्यातले लोक काय म्हनतील?"

मलिका पंचवीस वर्षात माझ्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "तुमी न्हानीत पडले तवा कोनते लोक उचलायले आले होते? मी होती. आटोत घालायले कोन होतं? बुधरीबाई होती. तुमची फडकी मी वीस वर्ष धुतली, आता काचबी पुसून पाहते."

पयला हप्ता तिनं खालच्या काचा केल्या. मंग पयला मजला, डोळे मिटून. बुधरीबाई बाजूच्या झुल्यावरून ओरडे, "डोळे उघड वो बाई, काच काई चावत नाई!" मोहल्ल्यात लोक बोलले. खूब बोलले. एकानं तं मशिदीबाहेर मले थांबवून विचारलं. मी म्हटलं, तुझ्या घरच्या काचा पुसायच्या असन तं भाव सांगतो. गेला आपल्या वाटेनं.

बुधरीबाईनं शोरूमच्या कामात मलिकाले शिकवलं, शेवटच्या मजल्यापर्यंत नेलं, त्या दिवसांची मजुरी घेतली, अन् काम माझ्या घरचंच राह्यलं. आता मेसेज आला का चौघांचे फोन एकमेकांले लागतात. "कोनाचं झाड हाये?" कोनाचंच नसन तं ज्याच्या हाती काम कमी, तो जाते. भाव एकच. बुधरीबाईले मेसेज येनं बंद झालं, पन फोन पयले तिलेच जाते.

साइटवाल्याले हे समजायले बरेच महिने लागले. पवन पुन्हा आला, तोच टाय, तोच ओला शर्ट. शोरूमची मोठी सफाई होती, मलिकानं बुधरीबाईले मजुरीनं संग बोलावलं होतं, अन् मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो, दोराची गाठ पाहायले. पवननं वर तोंड करून आवाज देल्ला, "बुधरीबाई! साहेबांनी सांगतलं, तुमचा तो एक तारा काढून टाकतो. पाच करतो. फक्त मेसेज आला का भाव सांगा. अन् त्या दुसऱ्या बाईचंबी नाव टाकू का यादीत?"

वरून बुधरीबाईनं फडकं पिळलं. पानी पवनच्या टायवर पडलं. मुद्दाम पाडलं का नाई, अल्ला जाने.

"नाव कायले पायजे रे?" ती म्हने. "ज्याले आमी पायजे, त्यानं मान वर करून पाहाव."

पवननं मान वर केली. मीबी केली. चौथ्या मजल्यावर दोघी होत्या.