कुपवाडच्या छपरावर

एम.टेक.च्या वर्गात आम्ही दोघीच मुली, म्हणून सांगलीत एकाच खोलीत राहायला लागलो. विषय अक्षय ऊर्जेचा आणि कमी विजेत भागणाऱ्या इमारतींचा. ती तासगावजवळची, आईवडील दोघंही बेदाण्याच्या शेडवर कामाला. मी माणची, घरात मेंढरं. हाच विषय का घेतलास, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडं द्राक्षांना चारी बाजूंनी वारा, वर सावली. आणि ती वाळवणारी माणसं पत्र्याच्या खोलीत शिजतात. मला माणसांचं बघायचंय."

दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी कुपवाडमधला एक छोटा कारखाना मिळाला. छपरावर सोलर पॅनेल किती बसतील आणि आतला उकाडा कसा कमी होईल, हे मांडायचं होतं. ऐन एप्रिल. आत लेथवर माणसं बनियनवर राबत होती. वर सिमेंटचे पत्रे. सोबत आलेल्या आमच्या सरांनी बजावलं, "बोल्ट दिसतात त्या रेषेवरूनच चाला, तिथं खाली लोखंड आहे." कमरेला बांधायचे पट्टे आम्ही मागितले. मालक म्हणाला, ते दुसरीकडं कामावर गेलेत. सर जरा घुटमळले, मग म्हणाले, "जपून."

माप घ्यायला आम्ही दोघी वर चढलो. टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं तिच्याकडं. ती रेषेवरूनच चालत होती. मध्ये गरम हवा बाहेर टाकणारा पंखा आला. त्याला वळसा घालताना तिचा पाय उजेडासाठी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर पडला. धुळीनं तो सिमेंटसारखाच दिसत होता. माझ्या हातातली टेप सर्रकन ओढली गेली. भोकातून मी खाली बघितलं, तेव्हा मशीन अजून चालूच होती.

मिरजेच्या दवाखान्यात तिचे वडील कामावरच्या कपड्यांतच आले. बराच वेळ भिंतीला टेकून उभे राहिले. मग मला म्हणाले, "आमाला वाटलं हुतं, लय शिकली की सावलीत बसून काम करंल."

ती शुद्धीवर आलीच नाही.

मुली न विचारता वर चढल्या, असं मालकानं पोलिसांना सांगितलं. मी पट्ट्यांचं सांगितलं. ते लिहून घेतलं, पुढं काही झालं नाही. कॉलेजनं विद्यार्थ्यांना छपरावर जायची बंदी केली. प्रकल्प मी एकटीनं पुरा केला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "दुसरी विद्यार्थिनी कुठं आहे?" सरांनी हळू आवाजात सांगितलं. परीक्षकांनी अहवालाचं पान उलटलं. मग त्यांनी छपराचा उतार विचारला आणि मी सांगितला.

आता साताऱ्यात नोकरी करते. सध्या पाचगणीतल्या एका शाळेच्या वसतिगृहाच्या खिडक्यांचे आराखडे काढतेय.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या घरी गेले होते. तिची आई दारात ज्वारी निवडत होती. पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "वर लय ऊन हुतं का गं?"

"व्हय, काकी."

"डोक्यावर काय हुतं न्हवं?"

"हेल्मेट होतं."

"बरं," ती म्हणाली, आणि सूप पुढं ओढून निवडत राहिली.