आबांचा पाय

रविवारची दुपार. जेवणं झाली आहेत आणि सातापा सोप्यात चटईवर आडवा झाला आहे. दारातल्या उजेडात त्याची बायको आक्काताई विड्या वळत बसली आहे. निपाणीत हे घरोघरचं चित्र: मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका अंगाला टेंभुर्णीची पानं, दुसऱ्या अंगाला गुलाबी दोऱ्याचं रीळ. पानावरून कातर कच्‌ कच्‌ चालते. एरवी त्या आवाजावर सातापाचा डोळा हटकून लागतो. आज लागत नाही, कारण उजव्या पायाचा अंगठा निळा पडला आहे आणि तो त्यानं मोज्यात लपवला आहे. ऐन उन्हाळ्यात, घरात, मोजे! आक्काताईनं विचारलं तेव्हा टाचा फुटल्यात म्हणून त्यानं ठोकून दिलं. दोन महिने हे सोंग चाललं आहे.

काल तो गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरनं पायाच्या नाड्या दाबून पाहिल्या आणि सरळच सांगितलं, "विडी आजपासून बंद. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पंजा, मग गुडघ्यापर्यंत." मग कागदावर एक नळी काढून दाखवली. रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे हमाल. छातीतून प्राणवायू पाठीवर घ्यायचा आणि बोटांच्या टोकांपर्यंत पोचवायचा. टोकाच्या नळ्या इतक्या बारीक की हमालांना एकामागे एक, अंग चोरूनच जावं लागतं. विडी ओढणाऱ्याचे हमाल प्राणवायूच्या जागी धूरही वाहतात, आणि वर त्या नळ्या सुजून, रक्ताच्या गुठळ्या धरून बुजत जातात. सातापा स्वतः तंबाखूच्या वखारीतला हमाल, त्याला ते चटकन कळलं. दवाखान्याबाहेर आल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं, तर विडी पेटवली. स्वतःची शिसारी आली, तरी ती शेवटपर्यंत ओढली.

कातरीचा आवाज लांब जातो. मग थांबतो.

"ऊठ लेका. चल," कुणीतरी म्हणतं.

उंबऱ्यात गुंडूआबा उभे आहेत, सातापाचे वडील. चौकटीला धरून, एका पायावर. आबा जाऊन सात वर्षं झाली, पण सातापाला त्याचं काही नवल वाटत नाही. त्याला वास सहन होत नाही. गोडसर, नासका, वरून फिनेलचा. आबांचा पाय कुजत होता तेव्हा घरभर हाच वास असायचा, आणि सातापा तीन महिने अंगणात ताट घेऊन बसायचा. बापाची किळस येते हे कुणाला सांगायचं? आताही तो तोंड फिरवतो.

"नाक धरलंस तरी चालंल," आबा म्हणतात. "चल."

ते वखारीमागच्या बोळात आहेत. आबा पुढं लंगडी घालत चालले आहेत, भिंतीला न धरता. बोळ रोजचाच, दोन माणसांपुरता, पण आज भिंती ओलसर आहेत. सातापाचा खांदा घासतो आणि शर्टाला तांबूस चिकटा येतो. लोकांनी वर्षानुवर्षं थुंकून रंगवलेला जिन्याचा कोपरा असतो ना, तसा सगळा बोळ. बोट लावलं तर भिंत मऊ लागते आणि थोडी आत जाते. सातापा बोट शर्टाला पुसतो.

समोरून हमाल येतात. डोक्यापासून पायापर्यंत तांबडे, पाठीवर पोती, तोंडातून चकार शब्द नाही. बोळ चिंचोळा होतो तसे ते एकामागे एक होतात, मग आडवे होऊन अंग चोरतात, मग अडकतात. मागचे पुढच्यांना रेटतात. एकाचं पोतं भिंतीला घासून फाटतं आणि आतून काहीच सांडत नाही, नुसता विडीचा धूर निघतो. तेवढ्यासाठी तो बिचारा घामाघूम झाला आहे.

"रिकामीच पोती वाहत्यात की वो ही," सातापा म्हणतो.

"तूच भरून दिल्यास."

बोळाच्या शेवटी भिंत आहे. भिंतीपलीकडं कुणीतरी हळूहळू ठोकतंय.

"पलीकडं कोण हाय?"

"तुजा अंगठा," आबा म्हणतात. "दोन म्हैनं झालं, वाट बघतोय."

ठोकणं बंद होतं. भिंतीच्या जागी आता इस्पितळाचं टेबल आहे. टेबलामागचा माणूस मान वर न करता हिरव्या कापडातलं लांबट गाठोडं पुढं सरकवतो. "सही करा. नेऊन नीट पुरा." सातापा सही करतो. दहा वर्षांपूर्वीही त्यानं अशीच केली होती, आबांचा पाय मांडीपासून कापला त्या दिवशी. आज मात्र आबा शेजारी उभे राहून बघत आहेत.

"माजा पाय कुटं पुरलास रं?"

"मसणात. लिंबाखाली."

"दर अवसेला उदबत्ती लावत हुतास न्हवं?"

"व्हय आबा."

पाय गेल्यावर आबा तीन वर्षं जगले. सुनेशेजारी बसून विड्या वळायचे आणि दर पाचवी विडी स्वतःच ओढायचे. प्रत्येक अमावास्येला न चुकता विचारायचे, पायाला उदबत्ती लावलीस का. सातापा न चुकता हो म्हणायचा. खोटं बोलायची त्याला इतकी सवय झाली की कधीकधी ते लिंबाचं झाड त्याला खरंच दिसायचं.

"बघू या," आबा म्हणतात, आणि सातापाच्या मोटरसायकलवर मागं बसतात.

गाडी वेदगंगेच्या पुलावर उभी आहे. खाली पाणी हलत नाही, त्यावर साय धरली आहे. गाठोडं सातापाच्या मांडीवर आहे आणि त्यातून काहीतरी गळून त्याच्या प्यांटीत मुरतंय.

"हितनं टाकलास," आबा म्हणतात.

सातापा भडाभडा बोलतो. "वास मारत हुता, आबा. गळत हुतं प्यांटीवर. मसणापतुर न्ह्यायचं माज्यानं झालं न्हाई. टाकला, आनि नाक्यावर च्या पिलो. विडी बी वडली. तुमच्यापरास माजीच जास्त घान वाटली मला. अजून वाटत्या."

आबांना हसू येतं, हसण्याचा खोकला होतो, आणि ते पुलाच्या कठड्यावरून एक काळी गुठळी थुंकतात.

"पाय गेला त्ये गेला," ते म्हणतात. "तुजं काय?"

ते सातापाचा मोजा उपसून काढतात. कुठूनतरी गुलाबी दोरा घेऊन निळ्या अंगठ्याला झपाझपा तीन वेढे देतात आणि गाठ मारतात. विडी वळून वळून हात बसलेला.

"ह्यो बांधून ठिवला. कापायच्या येळंला हुडकाया नको."

"आबा, सोडा की."

"तुजा पाय कोन नेनार?"

सातापाला उत्तर ठाऊक आहे. घरात गाडी चालवणारं दुसरं एकच माणूस आहे, त्याची एकोणीस वर्षांची लेक.

"रेणुका," आबाच म्हणतात. "मग तिला आत्ताच दावून ठिव, पुलावर गाडी कुटं थांबवायची."

कच्‌. कच्‌.

सातापा दचकून उठून बसतो. दारात तोच उजेड, सुपात तीच तंबाखू. मोजा चटईबाहेर पडला आहे. अंगठ्याला गुलाबी दोरा आहे, तीन वेढे आणि विडीची गाठ. दोरा मांसात इतका रुतला आहे की दोन्ही बाजूंनी कातडी फुगून आली आहे. सातापा गाठ ओढून बघतो. डोळ्यांना दिसतं, पण पायाला काहीच कळत नाही.

"आक्काताई," तो हाक मारतो. "हिकडं ये."

ती कातर हातात घेऊनच येते, अंगठा बघते आणि त्याच्या पायाशी बसते. आबांच्या जखमा तिनंच धुतल्या होत्या. या रंगाची तिला कुणी ओळख करून द्यायला नको.

"टाचा फुटल्यात म्हनलासा."

"खोटं बोललो. आबांचा पाय बी म्या पुरला न्हाई. पुलावरनं टाकला."

"ठावं हाय," ती म्हणते. "तुमची प्यांट मी धुतली हुती."

सातापाला तिच्याकडं बघवत नाही.

"रेणुकाला उठवती. गाडी काढंल ती, दवाखान्यात जाऊ या."

"तिला नको!" तो ओरडतो. खिशातला विड्यांचा कट्टा काढून तिच्या मांडीवर टाकतो. "ह्यो बंबात घाल. रिक्षानं जाऊ. आदी ह्यो दोरा काड."

आक्काताई कातरीचं टोक दोऱ्याखाली घालते. दोरा तटकन तुटतो, कातर सटकते आणि टोक अंगठ्यात चांगलंच घुसतं. ती किंचाळून कातर टाकते.

दोघं त्या भोकाकडं बघत राहतात. रक्त येत नाही.

"लागलं काय वो?" आक्काताई विचारते. "लई लागलं? सांगा की."

"न्हाई," सातापा म्हणतो, आणि लहान मुलासारखा रडायला लागतो.